‘तयार’, ‘हजर’ आणि ‘राजी’

इंग्रजी भाषेंत ‘रेडी’ म्हणून एक लहानसें विशेषण आहे. तें इतकें रोजच्या वापरांतलें आहे कीं, इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडींहि तें सहज येतें. यवतमाळच्या बाजारपेठेंत ‘रेडीमेड’ कपडे मिळतात. शेताचें खरेदीखत करावयाचें झालें म्हणजे मुद्रांकशुल्कासाठीं ‘रेडी रेकनर’ पाहावा लागतो. आणि प्रवासाला निघालेलीं मुलें ‘आम्ही रेडी आहोंत’ असें ओरडून सांगतात. असा हा शब्द. त्याचा अर्थ काय, असें कोणी विचारलें तर आपण क्षणाचाहि विलंब न लावतां ‘तयार’ असें उत्तर देऊं, आणि तें उत्तर चूक आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

परंतु भाषेचा अनुभव असा आहे कीं, जो शब्द सोपा वाटतो त्याचेंच भाषांतर अधिक अवघड असतें. अवघड शब्दापुढें आपण थांबतों, कोश उघडतों, विचार करतों; सोप्या शब्दापुढें कोणीच थांबत नाहीं. आज मी आपणांस थोडा वेळ ह्याच शब्दापुढें थांबण्याची विनंति करणार आहें. ह्या इंग्रजी विशेषणाला तुर्की भाषेंत कोणता शब्द आहे, हें आपण प्रथम पाहूं. तुर्कस्तान आपल्यापासून पुष्कळ दूर आहे, आणि तेथील भाषेचें येथें काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, तुर्की कोशांत ह्या शब्दापुढें जो प्रतिशब्द दिलेला असतो, तो आपल्या ओळखीचा आहे. तो आहे ‘हाझर’. म्हणजे आपला ‘हजर’.

आतां ह्यांत मौजेची गोष्ट ही कीं, शब्द एकच असून अर्थ एक नाहीं. गृहिणी जेवणाला हांक मारते तेव्हां तुर्की घरांत ‘येमेक हाझर’ असें म्हणतात. आपण त्या ठिकाणीं ‘जेवण हजर आहे’ असें म्हणत नाहीं, ‘जेवण तयार आहे’ असें म्हणतों. उलट शाळेंत गुरुजी नांव पुकारतात तेव्हां आपला विद्यार्थी ‘हजर’ म्हणून उत्तर देतो. त्यानें ‘तयार’ म्हटलें तर सर्व वर्ग हंसेल. कवाइतींत आपण ज्या ठिकाणीं ‘सावधान’ असा हुकूम देतों, त्या ठिकाणीं तुर्की पलटणींत ‘हाझर ओल’ असा हुकूम असतो, आणि आपल्या ‘विश्राम’च्या जागीं ‘राहात’ हा शब्द असतो. तो हिंदींतील ‘राहत’ होय. शिवण्याच्या मापाशिवाय विकत मिळणाऱ्या कपड्यांना तुर्की लोक ‘हाझर’ कपडे म्हणतात. हातांत असलेल्या पैशाला ‘हाझर पारा’ म्हणतात. नुसत्या शिलकेवर जगणाऱ्यासाठीं त्यांच्याकडे एक म्हण आहे. तिचा भावार्थ असा कीं, आयत्यापुढें डोंगरहि टिकत नाहींत. आपल्याकडे ह्याच अर्थीं कुबेराच्या भांडाराचा दाखला देतात.

तुर्की व्याकरणाचा एक विशेषहि येथें सांगण्यासारखा आहे. त्या भाषेंत विशेषणाला लिंगवचनाचा विकार होत नाहीं, आणि ‘आहें’, ‘आहेस’ हीं क्रियापदें निराळीं न येतां शब्दाच्या अंगाला प्रत्ययरूपानें चिकटतात. ‘मी तयार आहें’ हें तीन शब्दांचें वाक्य तुर्कींत ‘हाझरम्’ ह्या एका शब्दांत संपतें. ‘लक’ हा प्रत्यय लावला कीं ‘हाझरलक’ म्हणजे तयारी होते; क्रियापद करावयाचें झालें तर ‘हाझरलामाक’ म्हणजे तयार करणें. आपणहि ‘हजर’ शब्दाला ‘ई’ प्रत्यय लावून भाववाचक नाम केलें. परंतु आपली ‘हजेरी’ म्हणजे तयारी नव्हे, ती उपस्थिति. मूळ शब्द एक आणि प्रत्ययाचें कार्यहि एक. तरी तुर्काची ‘हाझरलक’ स्वयंपाकघरांत आणि युद्धाच्या छावणींत चालते, व आपली ‘हजेरी’ मजुरांच्या पटावर लिहिली जाते.

असें कां झालें? ह्यासाठीं शब्दाच्या मुळाशीं गेलें पाहिजे. मूळ शब्द अरबी आहे. ज्या धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ समोर असणें, उपस्थित असणें असा आहे. त्याच धातूपासून ‘हुजूर’ व ‘हजरत’ हे आपल्याला परिचित असलेले शब्द आले आहेत. ‘हुजूर’ म्हणजे मुळांत उपस्थिति, सान्निध्य. पुढें धन्याचें सान्निध्य, आणि अखेर प्रत्यक्ष धनी. पुण्यांतील ‘हुजूरपागा’ ही पेशव्यांची खास पागा. १८८४ सालीं निघालेली मुलींची शाळा पुढें तिच्या जागेवर आली आणि तें नांव विद्येच्या क्षेत्रांत अजरामर झालें. तुर्कींत मात्र ह्याच शब्दाचा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. तेथें ‘हुझूर’ म्हणजे मनाची शांति. वृद्धांच्या आश्रमाला तुर्की भाषेंत ‘हुझूरेवी’ म्हणतात, म्हणजे शांतीचें घर. आपण ज्या शब्दानें धन्यापुढें हात जोडतों, त्याच शब्दानें तुर्क आपल्या म्हाताऱ्या आईबापांच्या विसाव्याची जागा दाखवितो. मोठ्याच्या सान्निध्यांत एका समाजाला अदब आठवली, दुसऱ्याला स्वस्थता आठवली.

ह्या अरबी शब्दांत एक असा वर्ण आहे कीं, त्याचा खास उच्चार अरबांवांचून इतरांना साधत नाहीं. इराणी लोकांनीं त्याचा ‘झ’ केला, आणि फारशी ही दरबाराची व विद्येची भाषा असल्यामुळें तोच उच्चार पश्चिमेस तुर्कांकडे व पूर्वेस हिंदुस्थानांत आला. आपण त्याचा ‘ज’ केला. पण ‘हजर’ ह्या शब्दांतील आपला ‘ज’ हा ‘जग’ शब्दांतला नसून ‘जड’ शब्दांतला दंत्य आहे, त्यामुळें तो तुर्की उच्चाराच्या अगदीं जवळ राहिला. ‘राजी’ ह्या शब्दाची हीच कथा आहे. तोहि मूळचा अरबी, त्यांतहि तोच वर्ण, आणि तुर्कींत तो ‘राझी’सारखा उच्चारला जातो, अर्थ मात्र दोन्हीकडे तोच, संतुष्ट, मान्य असलेला. न्याय देणाऱ्या काजीच्या बाबतींत मात्र तुर्कांनीं वेगळी वाट धरली: आपला ‘काजी’ तो त्यांचा ‘कादी’.

हे शब्द आपल्या वऱ्हाडांत कसे मुरले तें निराळें सांगावयास नको. अकबराच्या काळीं लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथांत यवतमाळचा उल्लेख शेजारच्या लोहारा गांवाशीं जोडून येतो, म्हणजे मोगलांच्या वसुलाच्या पटावर हें गांव तेव्हांच चढलेलें होतें. इमादशाही, निजामशाही, मोगल आणि १७२४ नंतर हैदराबादचा निजाम, अशा एकामागून एक आलेल्या राजवटींत येथील दप्तराची भाषा फारशीच्या वळणाची राहिली. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. परंतु इंग्रज अंमलदारांनींहि कचेरींतील जुने शब्द टाकले नाहींत. त्यामुळें ‘हजर’, ‘राजी’, ‘तयार’ हे तिन्ही शब्द येथील शेतकऱ्याच्या तोंडीं इतके रुळले कीं, ते परके आहेत असें आतां कोणालाहि वाटत नाहीं. आणि वाटूंहि नये.

तिसरा शब्द ‘तयार’. ह्याचें कूळ सर्वांत मनोरंजक आहे. अरबींत ‘तय्यार’ म्हणजे उडणारा. उडणाऱ्याचा आणि सिद्ध असलेल्याचा संबंध काय? कोशकारांमध्यें एक मत असें आहे कीं, हा शब्द शिकारी ससाण्याच्या परिभाषेंतून आला. ससाण्याचीं जुनीं पिसें गळून नवीं येईपर्यंत त्याला शिकारीला सोडीत नसत. पिसें आलीं, पंखांत बळ भरलें, म्हणजे पक्षी ‘तय्यार’ झाला, उडण्याजोगा झाला. तेथून कोणत्याहि कामाला योग्य झालेल्या माणसाला व वस्तूला तो शब्द लागू झाला. हिंदुस्थानांत तो इतका पसरला कीं, तेलुगु, कानडी आणि तामिळ ह्या भाषांनींहि त्याला घर दिलें. तुर्कस्तानांत मात्र ‘उडणारा’ हा मूळ अर्थच जागा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं विमानें आलीं तेव्हां तेथें विमानाला ‘तय्यारे’ हें नांव मिळालें. १९२५ सालीं तेथें स्थापन झालेल्या राष्ट्रीय विमानसंस्थेच्या नांवांतहि हाच शब्द होता. म्हणजे आपण ज्या शब्दानें स्वयंपाक झाल्याचें सांगतों, त्याच शब्दानें इस्तंबूलचीं मुलें आकाशांतील यंत्र एकमेकांना दाखवीत होतीं!

पुढें तुर्कस्तानांत भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली. १९२८ सालीं अरबी लिपि जाऊन लॅटिन लिपि आली. १९३२ सालीं भाषेसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. अरबी-फारशी शब्दांच्या जागीं तुर्की धातूंपासून बनविलेले शब्द आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यांत ‘तय्यारे’ मागें पडला, आणि ‘उच’ म्हणजे उडणें ह्या धातूपासून केलेला ‘उचाक’ हा शब्द विमानासाठीं रूढ झाला. परंतु ‘हाझर’ गेला नाहीं. महाराष्ट्रालाहि हा अनुभव नवा नाहीं. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या काळांत रघुनाथपंडितांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. आमच्या काळाच्या जवळ सावरकरांनीं भाषाशुद्धीचा आग्रह धरला आणि अनेक सुंदर शब्द मराठीला दिले. तरीहि ‘हजर’ आणि ‘तयार’ हे शब्द दोन्ही वेळां तरले. ह्याचें कारण असें दिसतें कीं, पदव्यांचीं आणि यंत्रांचीं नांवें बदलतां येतात, परंतु जो शब्द चुलीपाशीं, शेतांत आणि शाळेंत दिवसांतून दहा वेळां उच्चारला जातो, त्याला हुकमानें किंवा उपदेशानें हालवितां येत नाहीं.

आतां मूळ इंग्रजी शब्दाकडे येऊं. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ त्याचा संबंध इंग्रजींतील घोड्यावर बसणें ह्या अर्थाच्या धातूशीं जोडतात. म्हणजे प्रवासाला सिद्ध, स्वारीला सिद्ध, असा त्याचा जुना भाव असावा. आणि आपल्या संस्कृताकडे पाहिलें तर ‘सज्ज’ हा शब्द ‘सज्य’ ह्यापासून आला असें कोशांत सांगितलें आहे. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी, ती जिला चढविलेली आहे तें धनुष्य सज्य. ‘सिद्ध’ ह्याचा अर्थ तर पुरें झालेलें, साधलेलें. एका अर्थासाठीं किती निरनिराळीं चित्रें मनुष्याच्या मनानें काढलीं पाहा. इंग्रजाला घोड्याची आठवण झाली, आर्याला धनुष्याची झाली, ससाणे पाळणाऱ्याला पंखांची झाली. आणि तुर्कानें साधी गोष्ट पाहिली कीं, जें समोर आहे तेंच कामास येणारें आहे.

ह्या भिन्न चित्रांमुळें शब्दांच्या अर्थाला भिन्न छटा आल्या आहेत. इंग्रजी शब्दाचे मुख्य अर्थ मोजले तर चार भरतात. पहिला, तयारी पुरी झालेला. दुसरा, हाताशीं असलेला. रोख पैशाला इंग्रज ‘रेडी मनी’ म्हणतो तो ह्या अर्थानें. तिसरा, चटकन् होणारा. ‘रेडी रेकनर’ म्हणजे झटकन् हिशेब सांगणारा तक्ता. चौथा, मनानें कबूल असलेला. ह्यांपैकीं मराठी ‘तयार’ हा शब्द पहिला व चौथा अर्थ उत्तम सांगतो, दुसरा व तिसरा सांगत नाहीं. शिवाय त्याला स्वतःच्या कमाईच्याहि छटा आहेत. झाडावरील आंबा ‘तयार’ झाला म्हणजे पिकला असें नव्हे, तर उतरविण्याजोगा झाला. गवयाचा गळा ‘तयार’ असतो. आणि एखाद्या माणसाला आपण ‘मोठा तयार आहे’ म्हणतों तेव्हां त्यांत थोडी प्रशंसा व बरीच सावधगिरी असते. तुर्की ‘हाझर’ पहिला व दुसरा अर्थ पूर्णपणें सांगतो. चटकन् उत्तर देणाऱ्या मनुष्यासाठीं तर तुर्कींत ‘हाझरजेवाप’ असा समास आहे, आणि तो ऐकतांच आपला ‘हजरजबाबी’ आठवतो. दोघांनीं एकाच फारशी दुकानांतून घेतलेला हा जिन्नस आहे, आणि दोघांनीं तो जसाच्या तसा ठेवला आहे.

श्रोतेहो, येथवरचें विवेचन केवळ कौतुकासाठीं असतें तर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु ह्या छटांचा संबंध शेतकऱ्याच्या कापसाशीं आणि जमिनीशीं येतो, आणि तेथें शब्दाचा अर्थ चुकला तर पदरचें जातें.

प्रथम कापसाचें पाहूं. आपला जिल्हा कापसाचा. कापसाच्या व्यापारांत सौद्याचे दोन प्रकार फार जुने आहेत: पुढें माल देण्याच्या बोलीवर केलेला वायदा, आणि समोर असलेल्या मालाचा सौदा. ह्या दुसऱ्या सौद्याला इंग्रजी कायद्याच्या भाषेंत ‘रेडी डिलिव्हरी’ असें नांव होतें. १९५२ सालच्या वायदे-सौद्यांच्या कायद्यांत त्याची व्याख्याच दिलेली होती: ज्या करारांत मालाची पोंच आणि किंमतीची फेड लगेच, किंवा करारापासून फार तर ११ दिवसांच्या आंत व्हावयाची, तो ‘रेडी’ करार. तो कायदा २०१५ सालीं रद्द झाला, परंतु व्याख्या शिकण्यासारखी आहे. येथें ‘रेडी’ म्हणजे ‘तयार’ असें समजणारा शेतकरी म्हणेल कीं, माझा कापूस बोंडांतून फुटला आहे, वेचणीला तयार आहे, तेव्हां मी सौदा करण्यास मोकळा आहें. पण तें तसें नव्हे. वेचून, गाडींत भरून, वखारींत किंवा बाजारांत आणलेला कापूस तोच ह्या अर्थानें ‘रेडी’. म्हणून बाजारांतील जाणत्या लोकांनीं त्याला ‘हजर’ बाजार म्हटलें, आणि नकळत तुर्की कोशकाराचाच प्रतिशब्द निवडला. शेतांतील कापूस तयार असतो, बाजारांतील कापूस हजर असतो. आणि ह्या दोहोंच्या मधल्या अंतरांत पाऊस, मजुरी आणि भाडें हीं सर्व बसलेलीं असतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. समजा, एका लहान शेतकऱ्यानें शेजारचे दोन एकर घेण्याचें ठरविलें. इसारपत्र झालें, कांहीं रक्कम दिली, बाकीची सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करून घ्यावयाचें असें ठरलें. दरम्यान जमिनीचा भाव वाढला, आणि विकणारा मागें फिरला. आतां घेणाऱ्याला दिवाणी न्यायालयांत जाऊन करार पुरा करून मागावा लागतो. अशा दाव्यांसाठीं १९६३ सालचा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम आहे. त्याच्या १६ व्या कलमांत अशी अट आहे कीं, करारांतील आपल्या वांट्याचें काम करण्यास आपण सदैव ‘रेडी अँड विलिंग’ होतों व आहोंत, हें वादीनें सिद्ध केलें पाहिजे. ही कल्पना त्या कायद्याहूनहि जुनी आहे. मुंबईच्या एका खटल्यांत १९२८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें हाच नियम सांगितला होता, कीं करार झाल्या दिवसापासून दाव्याच्या सुनावणीपर्यंत ही स्थिति अखंड असली पाहिजे.

आपल्याकडील दाव्यांच्या अर्जांत ह्या इंग्रजी जोडशब्दाचें भाषांतर ‘तयार व राजी’ किंवा ‘तयार व इच्छुक’ असें आढळतें. मराठी कानाला हे दोन शब्द एकच वाटतात. ‘मी यावयास तयार आहें’ म्हणजे माझी हरकत नाहीं, माझी इच्छा आहे. मग ‘राजी’ हा शब्द पुन्हा कशाला? दप्तरी भाषेंत दोन दोन शब्द जोडण्याची रीत आहे, तसा हाहि असेल, असें पक्षकार मनांत म्हणतो. पण न्यायालय तसें समजत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें अनेक निकालांत हा भेद स्पष्ट केला आहे कीं, ‘रेडी’ ह्याचा संबंध ऐपतीशीं, म्हणजे पैसे देण्याच्या शक्तीशीं आहे, आणि ‘विलिंग’ ह्याचा संबंध वर्तनाशीं, म्हणजे करार पुरा करण्याची मनापासूनची इच्छा वागणुकींत दिसण्याशीं आहे. दोन्ही वेगवेगळीं सिद्ध करावीं लागतात. एक आहे आणि दुसरें नाहीं, तर दावा टिकणें कठीण.

अशा वेळीं साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिलेला साधा मनुष्य पुन्हा पुन्हा सांगतो, ‘साहेब, मी तर पहिल्यापासून तयार होतों.’ तो खोटें बोलत नसतो. त्याच्या भाषेंत त्यानें सर्व कांहीं सांगितलेलें असतें. परंतु त्याच्या ‘तयार’ शब्दांत इंग्रजी शब्दाचा चौथा अर्थ आहे, आणि न्यायालय दुसऱ्या अर्थाची विचारणा करीत असतें: पैसा कोठें होता? बँकेच्या पुस्तकांत होता काय, पीक विकून आलेला होता काय, कोणी देण्याचें लेखी कबूल केलें होतें काय? पैसा प्रत्यक्ष न्यायालयांत भरलाच पाहिजे असें नाहीं. न्यायालयानें तसा हुकूम केल्याशिवाय तो भरण्याची आवश्यकता नाहीं, असें त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांत सांगितलें आहे. पण तो उभा करण्याची ऐपत दाखविली पाहिजे. येथें जर अर्ज लिहिणाऱ्यानें पक्षकाराला एवढेंच विचारलें असतें कीं, ‘बाबा रे, तुझें मन राजी होतें हें समजलें, तुझे पैसे हजर होऊं शकत होते काय?’ तर तो मनुष्य लगेच समजला असता, आणि घरांत पडलेल्या पावत्या व पुस्तकें वेळेवर घेऊन आला असता. तुर्की प्रतिशब्दानें आपल्याला हा उपयोग झाला कीं, इंग्रजी शब्दाच्या पोटांत ‘हजर’ हा अर्थ दडलेला आहे, हें त्यानें दाखवून दिलें.

याच्या उलट बाजूचीहि एक चूक संभवते, आणि ती गांवाच्या सभेंत होते. ग्रामसभा भरते, तिला लागणारी गणसंख्या हजेरीवरून ठरते. हजेरीवहींत सही करणारा मनुष्य एवढेंच सांगत असतो कीं, मी येथें आलों आहें. पुढें जो ठराव होतो, त्याला त्याची संमति आहे कीं नाहीं, हा प्रश्न अगदीं स्वतंत्र आहे. २०१३ सालच्या भूमिसंपादनाच्या कायद्यानें खाजगी कंपन्यांसाठीं जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं निदान ८० टक्के, आणि सरकार व खाजगी भांडवल यांच्या भागीदारीच्या कामासाठीं निदान ७० टक्के कुटुंबांची संमति आवश्यक ठरविली आहे. ही संमति म्हणजे ‘राजी’ असणें; ‘हजर’ असणें नव्हे. ज्याची मातृभाषा कोलामी किंवा गोंडी आहे, अशा आपल्या जिल्ह्यांतील बांधवाला तर मराठी शब्द हाच मुळीं भाषांतर आहे. त्याच्यापुढें कागद ठेवणारानें आपण त्याची हजेरी मागत आहोंत कीं राजीखुषी, हें त्याच्या भाषेंत सांगणें हा उपकार नव्हे, तें कर्तव्य आहे.

‘राजी’ ह्या शब्दाचा जुना इतिहासहि येथें आठवावा. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुली पद्धतींत, आपल्या नांवची जमीन सोडतांना खातेदार ‘राजीनामा’ लिहून देई, आणि ती घेणारा ‘कबुलायत’ लिहून देई. नांव राजीनाम्याचें, पण सारा थकल्यामुळें किंवा सावकाराच्या तगाद्यामुळें जमीन सोडणारा मनुष्य खरोखर किती राजी असेल, तें त्याचें त्यालाच माहीत! कागदावरचा ‘राजी’ आणि मनांतला ‘राजी’ ह्यांत इतकें अंतर पडत गेलें कीं, आज ‘राजीनामा’ शब्द ऐकून संतोष कोणाच्याहि मनांत येत नाहीं. शब्दाला जेव्हां खोटी साक्ष द्यावी लागते, तेव्हां त्याचा अर्थ असा झिजतो.

हे तिन्ही शब्द एके ठिकाणीं आले म्हणजे काय घडतें, ह्याचेंहि उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. १९३० सालच्या जुलै महिन्यांत लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून कायदेभंग केला आणि शिक्षा पत्करली. अणे मूळचे वणीचे, यवतमाळास वकिली केलेले. कायद्याचा प्रत्येक शब्द त्यांना ठाऊक होता. ते त्या ठिकाणीं हजर होते, परिणाम भोगण्यास तयार होते, आणि स्वतःच्या निश्चयानें राजी होते. त्यांच्यामागून जे गेले, त्यांनाहि कोणी पटावर नांव लिहून नेलेलें नव्हतें. तीन शब्दांचे अर्थ एका कृतींत जुळले म्हणूनच त्या मूठभर गवताला वजन आलें.

शब्दांचें भाषांतर करणें हें काम कोशकारांचें आहे, असें आपण समजतों. मोलस्वर्थनें १८३१ सालीं मराठीचा मोठा कोश केला, रेडहाऊसनें १८९० सालीं तुर्कीचा केला, माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फारशी शब्द मराठीला समजावून दिले. त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु कोश फक्त पर्याय मांडून ठेवतो. त्यांतून निवड करण्याची वेळ वकिलावर येते, तलाठ्यावर येते, शिक्षकावर येते, ग्रामसेवकावर येते, आणि पुष्कळदां घरांतील चार बुकें शिकलेल्या मुलीवर येते. कारण तिच्यापुढेंच आजोबा कागद धरतात आणि विचारतात, ‘बाई, ह्यांत काय लिहिलें आहे?’

तिनें त्या वेळीं घाई करूं नये. ‘तुम्ही तयार आहांत असें लिहिलें आहे,’ एवढ्यावर न थांबतां तिनें तीन प्रश्न वेगळे करून सांगावेत. ह्या कागदांत तुमचें असणें मागितलें आहे काय? तुमचें सामर्थ्य मागितलें आहे काय? कीं तुमचा होकार मागितला आहे? आणि ज्याचें उत्तर ‘होय’ असेल तेवढ्यावरच आजोबांनीं सही किंवा आंगठा करावा.